उदयनगरच्या सिस्टरची रीत: वस्तीतल्या बायकांचा गट कसा बांधायचा आणि कसा टिकवायचा

माणसं जमवणं, वर्गणी गोळा करणं, हिशेब चोख ठेवणं ही हातोटी इंदूरच्या मराठी महिला मंडळांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. हळदीकुंकू, भिशी, गणपती यांत ती रोज वापरली जाते. आपल्या घरी धुणंभांडी आणि पोळ्या करायला येणाऱ्या बायकांच्या वस्तीत तीच हातोटी कशी कामाला लावायची, ते इथे सांगितलं आहे.

ही रीत आमची नाही. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरात सिस्टर राणी मारिया यांनी ती १९९२ ते १९९५ या काळात राबवली. त्या केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या, जन्म २९ जानेवारी १९५४ चा, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या जोगीण. उदयनगर भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना त्यांनी सावकाराच्या ओट्यावरून उठवून बँकेच्या खिडकीपर्यंत नेलं, सरकारी योजनांचे अर्ज कसे करायचे ते शिकवलं, बचतीचे गट केले. ज्यांचं व्याज त्यामुळे आटलं ते चवताळले. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारण्यात आलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये सिस्टरांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये झालेल्या सोहळ्यात चर्चने राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं.

त्यांचा धर्म आपला असो वा नसो, कामाची पद्धत उचलण्यासारखी आहे. बाईचा पैसा बाईच्या नावाने, अर्ज बाईच्या सहीने, आणि सोबत करणाऱ्याने दोन पावलं मागे उभं राहायचं. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

बचतीआधी कर्ज मोजा

बहुतेक गट थेट बचतीपासून सुरू होतात आणि सहा महिन्यांत बसतात. कारण उघड आहे. जिच्या डोक्यावर दरमहा शेकडा दहाचं कर्ज आहे ती महिना दोनशे रुपये बाजूला काढून काय करणार? ते दोनशे तिला सावकाराकडेच भरावे लागतात. म्हणून पहिले तीन-चार आठवडे एक पैसाही गोळा करू नका, फक्त कर्ज लिहून काढा.

वेळ दुपारी दोन ते चारची ठेवा. सकाळची कामं आटोपलेली असतात, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. जागा अंगणवाडीचा ओटा किंवा मंदिराचा सभामंडप असावी. कुणा एकीच्या घरी बसलात की तिची सासू ऐकत असते, आणि किराणा दुकानासमोर बसलात तर दुकानदारच निम्म्या वस्तीचा सावकार निघतो. कर्जाची गोष्ट चारचौघांत विचारू नका. एकेकीशी वेगळं बोला, आणि जे लिहाल ते तिला वाचून दाखवा.

प्रत्येकीचा एक कागद करा. रकाने असे: कुणाकडून घेतलं, केव्हा, किती ठरलं, हातात प्रत्यक्ष किती आलं, हप्ता किती आणि किती दिवसांनी, आजवर किती भरलं, काय गहाण आहे, कोऱ्या कागदावर किंवा चेकवर सही अथवा अंगठा दिला आहे का. ‘हातात प्रत्यक्ष किती आलं’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच विसरला जातो.

उदाहरण घ्या. दहा हजारांचं ‘डेली’ कर्ज. हजार रुपये आधीच कापून नऊ हजार हातात दिले, आणि रोज १२० रुपये शंभर दिवस भरायचे. बाईला वाटतं, दहाचे बारा झाले, वीस टक्के व्याज. प्रत्यक्षात तिला मिळाले नऊ, आणि पहिल्या दिवसापासून मुद्दल परत जातं आहे. नीट मांडलं तर हे व्याज रोजचं ०.६ टक्के, म्हणजे वर्षाला दोनशे टक्क्यांच्या पुढे जातं. दुसरा प्रकार शेकडा दहाचा: दहा हजारांवर दरमहा हजार व्याज. वर्षात बारा हजार भरले तरी मुद्दल दहाचे दहा तसेच उभे. हा हिशेब बाईच्या समोर, तिच्याच कागदावर, तिला आकडे बोलायला लावून करा. दहा व्याख्यानांनी होत नाही ते या एका बेरजेने होतं.

कागद झाले की कर्जांची वर्गवारी करा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा.

खासगी सावकाराला मध्य प्रदेशात साहूकारी अधिनियम, १९३४ खाली परवाना लागतो, आणि वर्षाकाठी लेखी हिशेब देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पावती मागणं ही पहिली पायरी. तो देत नसेल तर भरणा दोन बायकांसमोर करा आणि त्याच दिवशी वहीत लिहून दोघींच्या सह्या घ्या. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी कुटुंबांसाठी २०२० चा वेगळा ऋणमुक्ती कायदा आहे: १५ ऑगस्ट २०२० पर्यंत विनापरवाना सावकाराकडून घेतलेली कर्जं त्याखाली माफ ठरतात. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून इंदूरला मजुरीला आलेल्या बायकांचं गावाकडचं जुनं कर्ज यात बसतं का, ते जरूर तपासा.

मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम लागू होतात. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, तारण घेता येत नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. ठरलेल्या जागी बाई लागोपाठ दोनदा आली नाही, तरच माणूस घरी येऊ शकतो. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यासाठीचा फोन १४४४८.

मालकाने दिलेल्या आगाऊ रकमेपोटी बाईला किंवा तिच्या नवऱ्याला काम सोडता येत नसेल, तर ते नुसतं कर्ज राहत नाही. वीटभट्ट्या आणि बांधकामांवर हे सर्रास दिसतं. बंधुआ मजदूरी कायदा, १९७६ नुसार असं कर्ज रद्दच होतं, आणि तक्रार थेट कलेक्टरकडे करायची असते. इथे गटाने स्वतः जाऊन मालकाशी वाटाघाटी करू नये.

एक इशारा. हिशेब कळल्यावर दोन-चार बायका तावातावाने म्हणतील, उद्यापासून हप्ताच देत नाही. असं करू देऊ नका. गटाकडे अजून एक रुपया नाही, बँकेचं खातं नाही, आणि वसुलीला येणारा माणूस तिच्या दारात एकटीला गाठणार. आधी गट, मग फेड. फेडीचा क्रम असा: गहाण दागिन्याची मुदत संपत असेल तर तो पहिला, त्यानंतर सगळ्यांत जास्त व्याजाचं, नातेवाइकांची उसनवारी शेवटी.

गट किती जणींचा, कुणाचा

दहाच्या खाली नको, वीसच्या वर नको. वीस जणींपर्यंतच्या गटाला नोंदणीची गरज नसते. ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने १९९२ मध्ये बँका आणि बचत गट जोडायला सुरुवात केली तेव्हापासून हेच प्रमाण चालत आलं आहे. बारा ते पंधरा ही सगळ्यांत सोयीची संख्या: एकीची अडचण झाली तरी बैठक होते, आणि सगळ्या एकमेकींना तोंडाने ओळखतात.

एका घरातून एकच बाई घ्या. सासू-सून एका गटात असल्या की सून बोलत नाही. सगळ्या एकाच जातीच्या असाव्यात असा आग्रह वस्तीतून येईल, विशेषतः चहापाण्यावरून. तो मान्य करू नका, पण त्यावर भाषणही देऊ नका. बैठकीत पाण्याचा हंडा एकच ठेवा आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना त्यातूनच घेऊ द्या. मंडळाच्या बाईने आधी प्यावं.

अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष बायकांनीच निवडायच्या. तुमच्या मंडळातली कुणीही पदावर नको, बँकेत सही करणारी तर मुळीच नको. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण सुरुवातीला प्रत्येक काम तुम्हीच झटपट करू शकता. पण जो गट ताईंच्या सहीवर चालतो, तो ताई पुण्याला मुलाकडे गेल्या की बंद पडतो. तिघींपैकी निदान दोघींना सही करता आली पाहिजे. येत नसेल तर गट थांबवू नका, सही शिकवा. रोज अर्धी पाटी गिरवली की महिन्याभरात सही वळणदार होते.

रक्कम, कर्ज आणि वह्या

बचतीची रक्कम सगळ्यांत गरीब बाई बिनघोर देऊ शकेल तेवढी ठेवा, आणि सगळ्यांची सारखी. समजा बारा जणी, दरमहा दोनशे. महिन्याचे २,४००, तीन महिन्यांचे ७,२००, सहा महिन्यांचे १४,४००. तिसऱ्या महिन्यानंतर आतल्या आत कर्ज द्यायला लागा. पैसा नुसता साचू दिला की बायकांचा रस जातो आणि कोषाध्यक्षाच्या नवऱ्याचा वाढतो.

व्याज दरमहा शेकडा दोन, शिल्लक मुद्दलावर. पाच हजार रुपये दहा हप्त्यांत: दरमहा ५०० मुद्दल, आणि व्याज पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्यात ९०, असं उतरत शेवटी १०. एकूण व्याज ५५० रुपये. सावकाराकडे शेकडा दहाने हेच पाच हजार दहा महिने ठेवले तर व्याजच पाच हजार होतं आणि मुद्दल बाकी राहतं ते वेगळं. शिवाय गटातलं ५५० रुपये व्याज गटाच्याच पेटीत येतं. जमलेल्या पैशांतला चौथा हिस्सा आजारपणासाठी राखून ठेवा, तो लग्नाला किंवा सणाला द्यायचा नाही. जुनं सावकारी कर्ज गटाच्या पैशातून फेडायचं असेल तर रक्कम बाईच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. दोन सदस्य तिच्यासोबत जातील, फेड करतील, आणि गहाण वस्तू, कोरा चेक किंवा अंगठ्याचा कागद परत घेऊनच येतील. कागद तिथल्या तिथे फाडायचा.

वह्या चार: हजेरी आणि ठराव एकीत, रोख जमाखर्च दुसरीत, बचत-कर्जाची खातेवही तिसरी, आणि प्रत्येकीच्या हातात छोटं पासबुक. हिंदीत लिहा. इथली बँक तीच वाचते आणि बायकांच्या पोरीही शाळेत तीच शिकतात, म्हणजे घरी पासबुक वाचून दाखवायला कुणीतरी असतं.

बैठकीचा क्रम कधी बदलू नये. हजेरी. मग पेटी मध्यभागी उघडायची आणि मागच्या बैठकीची शिल्लक सचिवाने मोठ्याने वाचायची. कोषाध्यक्षाने नोटा एकेक करून जमिनीवर मांडायच्या, शंभराच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, आणि डाव्या बाजूला बसलेल्या बाईने त्या पुन्हा मोजायच्या. दोन्ही आकडे जुळले की वहीत लिहायचं. त्यानंतर एकेकीने आपली बचत आणि हप्ता टाकायचा, आणि टाकताना आकडा स्वतःच्या तोंडाने सांगायचा: ‘दोनशे बचत, पाचशे मुद्दल, नव्वद ब्याज.’ ज्या बाईने आयुष्यात कधी घरात पैशाबद्दल तोंड उघडलं नाही, ती इथे दर महिन्याला बाराजणींसमोर आकडे बोलते. पुढे थाण्यात आणि कचेरीत तिचा आवाज फुटतो तो याच सवयीमुळे. म्हणून वेळ वाचवायला ‘सगळ्यांचे एकदम जमा करून घेऊ’ असं कधी करू नका.

कर्जाची मागणी शेवटी, सगळ्यांसमोर. कुणाला द्यायचं यावर वाद होणारच, होऊ द्या. उशिरा आलेल्या हप्त्याला दहा रुपये दंड पुरे. मोठा दंड लावला की बाई बैठकीलाच यायची थांबते.

काय बिघडतं, ते ठरलेलं आहे. वही सचिवाचा नवरा किंवा मुलगा लिहायला लागतो. चेकबुकावर दोघी आधीच सह्या करून ठेवतात. एक जोरदार बाई दुसऱ्यांच्या नावावर कर्ज उचलते. दिवाळीआधी सगळे पैसे वाटून टाकायची टूम निघते, भिशीच्या सवयीने. वाटणी केली की जमलेलं भांडवल संपतं, बँक गटाला नवा समजते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. सणाला पैसे हवेत तर कर्ज म्हणून द्या. लग्नसराईत आणि गावाकडे पेरणीला जायच्या दिवसांत हजेरी ओसरते, त्या काळात बैठक पंधरवड्यावरून महिन्यावर आणा, पण रद्द करू नका.

बँकेत

ठराव असा लिहा: अमुक बँकेच्या अमुक शाखेत गटाच्या नावाने बचत खातं उघडावं, आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार व्हावेत. खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे. शाखेतला बाबू बाराही जणींचे आधार मागेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांचं केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची तपासणी, पुरेशी असते, सगळ्या सदस्यांची तपासणी गटाला बँकेचं कर्ज मिळतं त्या वेळी करता येते. हे नम्रपणे, पण लेखी सांगा.

सहा महिने वह्या नीट चालल्या की बँकेकडे कर्ज मागता येतं. बँक पहिल्यांदा साधारण बचतीच्या एक ते चार पट देते. राष्ट्रीय ग्रामीण आजीविका मिशनमधल्या गटांकडून दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही, असा नियम आहे. पहिलं बँक कर्ज लहान घ्या आणि एकही हप्ता चुकवू नका.

बाईचे स्वतःचे कागद

मध्य प्रदेशात सगळं समग्र आयडीवर, म्हणजे सरकारी योजनांसाठीच्या राज्याच्या ओळख क्रमांकावर, अडतं. कुटुंबाची आठ आकडी, व्यक्तीची नऊ आकडी. लग्न झालेल्या बाईचं नाव कित्येकदा माहेरच्याच कुटुंबात राहिलेलं असतं, आणि मग रेशन, पेन्शन, बायकांना दरमहा पैसे देणारी, २०२३ मध्ये सुरू झालेली लाडली बहना योजना, सगळं अडकतं. आधी समग्र दुरुस्त करा, मग बाकीचे अर्ज. खातं तिचं एकटीचं हवं, आधारशी जोडलेलं आणि डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याची सोय) सुरू असलेलं. आणि मोबाइल नंबर तिचा हवा. नंबर नवऱ्याचा असला की ओटीपी त्याच्याकडे जातो, मग खातं कुणाच्या नावाचं आहे याला काही अर्थ उरत नाही.

उत्पन्न, जात, मूळ निवास हे दाखले लोकसेवा केंद्रातून काढा. २०१० च्या लोकसेवा हमी कायद्यामुळे पावतीवर मुदतीची तारीख येते, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० असा दंड होऊ शकतो. पावतीशिवाय अर्ज कधी सोडू नका. हा नियम सगळ्या कचेऱ्यांना लागू: दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक, असते. तिथे बाईने स्वतः बोलायचं, आपण तिच्या मागे उभं राहायचं.

मारहाणीची गोष्ट बाहेर येते तेव्हा

गट नीट चालला की पाचव्या-सहाव्या महिन्यात कुणीतरी पाठीवरचे वळ दाखवते. त्याआधी तयारी असली पाहिजे.

त्या दिवशी पहिला प्रश्न एकच: आज रात्री तू कुठे झोपणार? जिवाला धोका असेल तर ११२ ला फोन, आणि वन स्टॉप सेंटर, जिथे तात्पुरता आसरा, वैद्यकीय मदत आणि कायद्याचा सल्ला एकाच छपराखाली मिळतो. जखमा असतील तर सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टात चालणारी जखमांची नोंद, करा. ‘पडले’ असं सांगितलं की कागदावर तेच येतं आणि नंतर पुसता येत नाही. तेव्हा कुणी मारलं, कशाने मारलं, ते तिने डॉक्टरला स्पष्ट सांगायचं.

मग नोंद. एका वहीत तारीख, वेळ, काय झालं, कशाने, कुणी पाहिलं, दवाखान्याचा कागद. मागच्या दोन-तीन वर्षांतले ठळक प्रसंगही आठवतील तसे लिहा. अचूक तारीख नसेल तर ‘धाकट्याच्या बारशानंतर आठ दिवसांनी’ असं लिहिलं तरी चालतं. ही वही तिच्या घरी ठेवायची नाही. स्त्रीधनाची, म्हणजे तिच्या स्वतःच्या मालकीच्या दागिन्या-वस्तूंची, यादी वेगळी करा: वस्तू, वजन, कुणी दिली, आज कुणाकडे आहे.

२००५ च्या घरगुती हिंसा कायद्यात तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. तो घटनेचा अहवाल बनवतो. कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज होतो, आणि ती जिथे तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही तो चालतो. म्हणजे खरगोनची सून माहेरी इंदूरला आली असेल तर तिने खरगोनला खेटे घालायची गरज नाही. कोर्ट मारहाणीला मनाई, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं देऊ शकतं, आणि तातडी असेल तर नवऱ्याला न ऐकताही अंतरिम आदेश देतं. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला बाहेर काढता येत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. बहुतेकींना माहीत नसतं, आणि त्याच भीतीपोटी त्या गप्प राहतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्यामुळे अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करायची. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाचा खर्च नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० ला फोन.

फौजदारी तक्रार वेगळी आहे आणि ती करायची की नाही हे फक्त तिने ठरवायचं. १ जुलै २०२४ पासून नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या छळाचं कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही थाण्यात शून्य क्रमांकाची एफआयआर लिहिता येते, प्रत मोफत मिळते. लिहून घेत नसतील तर तक्रार पोलीस अधीक्षकांच्या कचेरीला, इंदूर शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट. थाण्यातून समुपदेशनाला पाठवतील. तिला जायचं असेल तर जाऊ द्या, पण समझोत्याचा कागद वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, आणि त्याची प्रत हातात आल्याशिवाय उठायचं नाही.

गटातल्या बायका चिडून नवऱ्याच्या दारात मोर्चा न्यायचं म्हणतील. बाई अजून त्याच घरात राहत असेल तर तो नेऊ नका, रात्री त्याचं उट्टं तिच्यावर निघतं.

कामाच्या घरी कुणी लगट केली तर घरकामाच्या बायकाही २०१३ च्या लैंगिक छळ कायद्यात येतात. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. प्रकरणात तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ते पोलिसांकडे पाठवायचं असतं. इथे मंडळाची खरी परीक्षा होते, कारण ते घर आपल्या ओळखीतलं निघू शकतं. अशा वेळी जिची ओळख आहे तिने त्या प्रकरणातून बाजूला व्हावं आणि दुसरीने ते हाती घ्यावं.

ज्यांचं व्याज बुडतं त्यांच्यापासून

उदयनगरात जे घडलं ते लक्षात ठेवून ही काळजी घ्यायची. सगळी माहिती, सगळी हिंमत आणि सगळा राग एकाच माणसाभोवती गोळा झाला की त्या माणसाला हटवलं तर काम थांबेल असं समोरच्याला वाटतं. तसं वाटू द्यायचं नाही.

सावकाराशी बोलायला कधी एकच बाई जाऊ नये, आणि दर वेळी त्याच दोघी जाऊ नयेत. पाळी लावा. अर्जावर निदान पाच सह्या असाव्यात आणि मंडळाच्या ताईंचं नाव पहिलं नसावं. मूळ कागद गटाच्या पेटीत, एक छायाप्रत मंडळाकडे, एक वकिलाकडे, आणि ही गोष्ट उघड सांगा. कागद तीन जागी आहेत हे वस्तीत माहीत असणं हेच संरक्षण आहे. संध्याकाळी वस्तीतून परतताना ठरलेली वेळ, ठरलेली सोबतीण, पोचल्यावर फोन. वाट मात्र दर वेळी बदलती. बाहेरगावच्या कोर्टात किंवा बँकेत जाताना कोणत्या बसने कोण जातं आहे, हे दोघींना माहीत असावं.

धमकी ‘बघून घेईन’ एवढीच असली तरी त्याच दिवशी शब्द न्‌ शब्द लिहा: कोण, कुठे, किती वाजता, ऐकणारं कोण होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ चा (धमकावण्याचा गुन्हा) उल्लेख करून थाण्यात लेखी अर्ज द्या, पावती घ्या, छायाप्रत विधी सेवा प्राधिकरणाला पाठवा. ज्या बाईला धमकी आली तिला पुढचे काही आठवडे वसुली, अर्ज, साक्ष यांतून मोकळं ठेवा, पण बैठकीतून नाही. आणि त्या महिन्याची बैठक ठरल्या दिवशी, ठरल्या ओट्यावरच घ्या.